उमेद कशाच्या बळावर?
(मोहमेडन स्पोर्टिंग क्लबच्या इतिहासावरून काही विचार)



स्मरणिकेत शिक्षकाने लिहायचे म्हणजे अभ्यास, शिस्त किंवा थोरांची चरित्रे, असा एक प्रघात आहे. यंदा मी फुटबॉलवर लिहितो आहे, आणि तेही एका हरणाऱ्या संघावर. त्याला कारण आमच्या नववीच्या वर्गात घडलेला एक लहानसा प्रसंग.

२०२५ च्या मार्च महिन्यातील गोष्ट. इंडियन सुपर लीगचे साखळी सामने नुकतेच संपले होते. मधल्या सुट्टीत तीन-चार मुले वर्तमानपत्रातील गुणतक्ता पाहत बसली होती. तेरा संघांच्या त्या तक्त्यात तेराव्या जागी कोलकात्याचा मोहमेडन स्पोर्टिंग क्लब होता. २४ सामने, २ विजय, ७ बरोबऱ्या, १५ पराभव आणि एकूण १३ गुण. एका मुलाने तक्त्याच्या तळाशी बोट ठेवले आणि अगदी सहज म्हणाला, “आपलं हे असंच असतं, सर.”

घंटा झाली, मुले वर्गात गेली. पण त्या वाक्यातील ‘आपलं’ हा शब्द माझ्या मनातून जाईना. हा मुलगा कधी कोलकात्याला गेलेला नाही. त्या संघातील दोन खेळाडूंची नावेही त्याला सांगता आली नसती. केवळ नावावरून त्याने तो संघ आपला मानला, आणि आपला मानल्याबरोबर त्याचा पराभव हा आपल्या नशिबाचाच भाग आहे, असे धरून टाकले. सहामाही परीक्षेत तो गणितात नापास झाला होता, तेव्हाही त्याने हेच वाक्य याच सुरात म्हटले होते.

त्या दिवशी मी ठरविले की या मुलाला उपदेश करण्याऐवजी त्या संघाचा इतिहास सांगावा. हरत असलेल्या संघाच्या चाहत्यांनी आशा धरावी की न धरावी, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु ज्या घरात मूल नापास होते, ज्या गावात शाळा बंद पडायला येते, तेथेही हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला जातो. म्हणून जे वर्गात सांगितले, तेच थोडे सविस्तर आपल्यापुढे ठेवीत आहे.

चाळीस वर्षांचा काळोख

मोहमेडन स्पोर्टिंगची स्थापना १८९१ सालची. त्याआधी चार वर्षे, म्हणजे १८८७ मध्ये, कलकत्त्यातील काही मुसलमान मंडळींनी जुबिली क्लब सुरू केला होता. क्रिसेंट क्लब, हमीदिया क्लब अशी नावे बदलत अखेर आजचे नाव कायम झाले. योगायोग असा की, आपल्या मुंबईची रोव्हर्स कप स्पर्धाही त्याच सालची. तिचा संबंध पुढे येणारच आहे.

कलकत्ता फुटबॉल लीग १८९८ मध्ये सुरू झाली. त्या काळी फुटबॉल हा राज्यकर्त्यांचा खेळ होता. गोऱ्या पलटणींचे संघ, व्यापारी कंपन्यांतील साहेबांचे क्लब यांचीच चलती होती. हिंदी संघांना लीगमध्ये शिरकाव मिळायलाच कितीतरी वर्षे लागली. १९११ मध्ये मोहन बागानने अनवाणी खेळून आय. एफ. ए. शील्ड जिंकली आणि साऱ्या देशाची मान उंचावली, हे आपण पाठ्यपुस्तकांतून वाचले असेल. परंतु लीगचे अजिंक्यपद ही गोष्ट वेगळी. शील्ड म्हणजे बाद पद्धतीचे मोजके सामने. लीग म्हणजे महिनोन्महिने, भर पावसात, एकामागून एक चालणारे सामने. १८९८ पासून १९३३ पर्यंत एकाही हिंदी संघाला ती जिंकता आली नव्हती. १९३१, १९३२ आणि १९३३ अशी ओळीने तीन वर्षे डरहॅम लाइट इन्फंट्री या इंग्रज पलटणीने ती जिंकली होती.

आणि या काळात मोहमेडन स्पोर्टिंग कोठे होता? पहिल्या श्रेणीत तो नव्हताच. दुसऱ्या श्रेणीत धडपडणारा तो एक सामान्य संघ होता. विसाव्या शतकाच्या आरंभी कूचबिहार कपात थोडेफार यश मिळाले होते, ते सोडले तर सांगण्यासारखे काही नव्हते.

आता क्षणभर अशी कल्पना करा की, आपण १९३२ सालचे या क्लबचे चाहते आहोत. क्लब स्थापन होऊन चाळीस वर्षे लोटली आहेत. मोहन बागानला शील्ड मिळूनही वीस वर्षे झाली. आपला संघ दुसऱ्या श्रेणीत आहे. त्या दिवशी कोणी आपल्याला म्हणाले असते, “दोनच वर्षांत तुमचा संघ हिंदुस्थानातील पहिला लीगविजेता होईल,” तर आपण त्याला वेड्यात काढले असते. गुणतक्त्यात तशी एकही खूण नव्हती.

चिखल आणि बूट

मग दोन वर्षांत असे झाले तरी काय? मित्रहो, या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे, म्हणून तो लक्षपूर्वक वाचावा.

पहिली गोष्ट अशी की क्लबच्या चालकांनी आपल्या गल्लीपुरता विचार करणे सोडले. त्यांनी देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून गुणी खेळाडू हेरून आणले. कलकत्त्याच्या इतर संघांत मुख्यतः बंगालचेच खेळाडू असत. या संघात मात्र दूरदूरच्या शहरांतून आलेले तरुण एकत्र सराव करू लागले. पूर्णियाचे सय्यद अब्दुस समद, ज्यांना लोक ‘फुटबॉलचा जादूगार’ म्हणत, ते १९३३ मध्ये क्लबात आले तेव्हा त्यांचे वय अडतीसच्या घरात होते. खेळाडूने निवृत्त व्हावे अशा वयात त्यांना बोलावले गेले, कारण तरुणांना शिकण्यासारखे त्यांच्यापाशी पुष्कळ होते.

दुसरी गोष्ट बुटांची. लीगचे सामने पावसाळ्यात होत. आपल्या कोकणातल्या मुलांना पावसाळी मैदान म्हणजे काय ते सांगायला नको. कोरड्या मैदानावर अनवाणी हिंदी खेळाडू गोऱ्या शिपायांना सहज चकवीत. पण चिखल झाला की त्यांचे पाय घसरत आणि बूट घातलेला शिपाई वरचढ ठरे. हे दरवर्षी घडत होते, सर्वांना दिसत होते, आणि बहुतेक सारे ‘पाऊस आला, नशीब फिरले’ असे म्हणून घरी जात होते. मोहमेडनच्या चालकांनी याला नशीब म्हटले नाही. ओल्या मैदानावर आपल्या खेळाडूंनी हलके बूट घालून खेळावे असे त्यांनी ठरविले, आणि त्यासाठी सराव करवून घेतला. ज्याने जन्मभर अनवाणी चेंडू खेळविला, त्याच्या पायात बूट चढविले तर आरंभी त्याचा खेळ बिघडतोच. तो बिघाड सोसून त्यांनी सराव चालू ठेवला.

१९३३ च्या हंगामाअखेर संघ पहिल्या श्रेणीत चढला. १९३४ मध्ये, पहिल्या श्रेणीतील पहिल्याच वर्षी, त्याने लीग जिंकली. कोणत्याही हिंदी संघाने जिंकलेली ती पहिली कलकत्ता लीग. त्यानंतर १९३५, १९३६, १९३७ आणि १९३८. ओळीने पाच वर्षे! १९३६ मध्ये लीगबरोबर आय. एफ. ए. शील्डही आली.

त्याच १९३६ साली या संघातील मटियाबुर्जचा एक खेळाडू, मोहम्मद सलीम, बोटीने विलायतेस गेला आणि स्कॉटलंडमधील सेल्टिक या नामवंत क्लबाकडून खेळला. तो पायांना पट्ट्या बांधून, बुटांशिवाय खेळला. पाहणारे थक्क झाले. तेथे राहण्याचा आग्रह झाला, पण त्याला घरची ओढ लागली आणि तो परतला. हे मी मुद्दाम सांगतो. बुटांचा हट्ट धरणाऱ्या संघातच हा अनवाणी खेळाडूही होता. बूट हा काही त्यांचा बाणा नव्हता. चिखलावरचा तो उपाय होता. ज्याला ज्याची गरज, त्याला ते द्यावे, एवढी समज चालकांना होती. आम्हां शिक्षकांनाही यातून शिकण्यासारखे आहे.

१९४० हे वर्ष तर सोन्याचे ठरले. त्या वर्षी लीग पुन्हा जिंकली. मुंबईला येऊन रोव्हर्स कप जिंकला. १२ डिसेंबर १९४० रोजी दिल्लीच्या आयर्विन ॲम्फिथिएटरमध्ये रॉयल वॉरविकशायर रेजिमेंट या इंग्रज पलटणीला २-१ असे हरवून त्यांनी ड्युरँड कप जिंकला. १८८८ पासून चालत आलेली ती स्पर्धा त्याआधी एकाही हिंदी नागरी संघाला जिंकता आली नव्हती.

यशाची दुसरी बाजू

इतिहासाच्या शिक्षकाने केवळ गोड तेवढे सांगू नये. या यशाला दुसरीही बाजू होती.

मोहमेडनचे विजय कलकत्त्याच्या मुसलमान वस्त्यांत ईदेसारखे साजरे झाले. गाडीवान, खलाशी, विडी कामगार, विद्यार्थी सारे मैदानावर लोटत. इंग्रज पलटणींची धूळधाण उडते आहे म्हणून इतर समाजांतील पुष्कळ लोकांनाही आनंद झाला. पण तो काळ बंगालच्या राजकारणात दुहीचा होता. मैदानावरची चुरस हळूहळू समाजासमाजांतील चुरस मानली जाऊ लागली. संघटनेशी वाद झाल्यामुळे १९३९ च्या लीगमधून मोहमेडनसह काही क्लब बाहेर पडले, आणि त्या वर्षी मोहन बागानने आपली पहिली लीग जिंकली. खेळाचे मैदान राजकारणाचे मैदान झाले की खेळाडूंच्या हाती काही उरत नाही.

मग १९४७ आले. देशाची फाळणी झाली तशी या क्लबच्या जिवाचीही झाली. कित्येक खेळाडू आणि असंख्य चाहते सीमेपलीकडे गेले. ‘जादूगार’ समदही पूर्व पाकिस्तानात गेले आणि १९६४ मध्ये पार्वतीपूर येथे निवर्तले. जे मागे राहिले त्यांनी क्लब बंद केला नाही. १९४८ मध्ये, म्हणजे फाळणीच्या दुसऱ्याच वर्षी, त्यांनी लीग जिंकून दाखविली. माझ्या मते १९३४ च्या विजयाइतकाच हा विजय मोठा आहे, पण त्याची आठवण फारशी कोणी काढीत नाही.

कूपरेजवरची आठवण

आपल्या महाराष्ट्राशी या क्लबचा संबंध रोव्हर्स कपामुळे आला. हा कप जिंकणारा पहिला हिंदी संघ म्हणजे १९३७ चा बंगलोर मुस्लिम्स. मोहमेडन स्पोर्टिंगने तो १९४०, १९५६, १९५९, १९८४ आणि १९८७ मध्ये जिंकला, आणि १९८० मध्ये ईस्ट बेंगॉलबरोबर वाटून घेतला.

माझे मामू मुंबईच्या गोदीत कामाला होते. पाळी सुटली की डबा हातात घेऊन थेट कूपरेजवर जायचे. १९८४ आणि १९८७ च्या हकिकती त्यांच्या तोंडून आम्ही लहानपणी इतक्या वेळा ऐकल्या की प्रत्येक गोल आमच्याच अंगणात झाला असे वाटे. त्या काळात अलीगढ मुस्लिम विद्यापीठात शिकायला आलेले जमशीद नसिरी आणि माजिद बिस्कर हे इराणी खेळाडू कोलकात्याची मैदाने गाजवीत होते. मामू त्यांची नावे घेताना पुस्तकातल्या वीरांची घ्यावीत तशी घेत. १९८१ ची लीग, १९८३ आणि १९८४ चा फेडरेशन कप या गोष्टी त्यांना तारखांसह पाठ होत्या.

पण पुढे पुढे मामूंच्या बोलण्यात एक बदल झाला. संघ हरू लागला तसे ते चालू सामन्यांविषयी बोलेनासे झाले. नवा खेळाडू कोण, प्रशिक्षक कोण, हे त्यांना ठाऊक नसे. विचारावेसेही वाटत नसे. कोणी विषय काढला की ते १९४० वर जात. एकदा मी विचारले, “मामू, यंदा कसा आहे आपला संघ?” ते म्हणाले, “बेटा, संघ होता. आता नाव आहे.”

मामूंवर माझा फार जीव होता. पण आज मला वाटते, त्या वाक्यात प्रेम होते, उमेद नव्हती. आठवण आणि उमेद या दोन गोष्टी दिसायला सारख्या असतात. दोन्हींमध्ये माणूस डोळे मिटून सुंदर काहीतरी पाहतो. फरक एवढाच की आठवणीला काही करावे लागत नाही.

फळ्यावरची मालिका

आता नववीच्या वर्गाकडे परत येतो. त्या मुलाला मी फळ्यापाशी बोलावले आणि मोहमेडनने कोलकाता लीग जिंकल्याची वर्षे लिहून दिली : १९४१, १९४८, १९५७, १९६७, १९८१. म्हटले, “प्रत्येक दोन विजयांमधले अंतर काढ.” त्याने वजाबाक्या केल्या : ७, ९, १०, १४. पुढचे अंतर मीच लिहिले : ४०. कारण १९८१ नंतरची लीग क्लबला २०२१ मध्ये मिळाली.

“आता सांग, या मालिकेत पुढची संख्या कोणती येईल?”

मुलाने थोडा विचार केला. “चाळीसपेक्षा मोठीच येईल, सर. साठ, सत्तर, शंभरसुद्धा.”

मी खडू घेऊन ४० च्या पुढे लिहिले : १, १. कारण २०२१ नंतर क्लबने २०२२ मध्ये लीग जिंकली, आणि २०२३ मध्येही. ओळीने तीन वर्षे.

वर्ग हसला. तो मुलगा मात्र हसला नाही. त्याने विचारले, “पण का, सर? असं कसं झालं?”

विद्यार्थी मित्रहो, त्या वर्षभरात मला ऐकू आलेला हा सर्वांत चांगला प्रश्न होता. कारण ‘आपलं असंच असतं’ म्हणणारा मुलगा आता ‘का’ विचारू लागला होता.

पडझड आणि पुनश्च

त्याच्या प्रश्नाचे उत्तर असे. चाळीस वर्षांत क्लबने सर्व दशा पाहिल्या. २०१३ मध्ये त्याने ओ. एन. जी. सी. संघाला २-१ असे हरवून ड्युरँड कप जिंकला, १९४० नंतर ७३ वर्षांनी. चाहत्यांना वाटले, जुने दिवस परतले. पण त्याच हंगामात, २०१३-१४ मध्ये, आय-लीगमधून क्लबची खालच्या श्रेणीत घसरण झाली. आणि २०१४ च्या ऑक्टोबरात पैशांअभावी वरिष्ठ संघच बंद करीत असल्याची घोषणा झाली. एका कपाने घर सावरत नाही, हे त्यातून दिसले. भिंतीला रंग दिला म्हणून पाया भक्कम होत नाही.

ती घोषणा तेथेच थांबली, संघ कसाबसा उभा राहिला आणि खालच्या श्रेणीत खेळत राहिला. या वर्षांची छायाचित्रे कोणी भिंतीवर लावीत नाही. नंतर २०२० मध्ये बाहेरचे भांडवल आणून क्लबने आपली घडी पुन्हा बसविण्याचा प्रयत्न केला. त्याच वर्षी पात्रता सामने जिंकून संघ आय-लीगमध्ये परतला. २०२१ च्या ऑक्टोबरात ड्युरँड कपाच्या अंतिम सामन्यात एफ. सी. गोवाकडून एका गोलने हार झाली. पण नोव्हेंबरात रेल्वे संघाला १-० असे हरवून चाळीस वर्षांनी कोलकाता लीग मिळाली. मे २०२२ मध्ये आय-लीगच्या निर्णायक सामन्यात सॉल्ट लेकच्या भरलेल्या मैदानावर गोकुलम केरळकडून १-२ असा पराभव झाला. जिंकले असते तर अजिंक्यपद होते. त्या रात्री किती घरांत जेवण गेले नसेल!

दोन वर्षांनी, ६ एप्रिल २०२४ रोजी, शिलाँगच्या मैदानावर शिलाँग लाजाँगला २-१ असे हरवून मोहमेडन स्पोर्टिंग आय-लीगचा विजेता झाला आणि देशातील सर्वोच्च स्पर्धेत त्याला जागा मिळाली. प्रशिक्षक रशियाचा होता. संघात मिझोरामचे तरुण होते, बंगालचे होते, परदेशचेही होते. क्लबच्या नावातील ओळख तीच, पण संघात सर्व धर्मांची मुले. १९३३ मध्ये चालकांनी गल्लीबाहेर पाहिले होते. त्यांच्या वारसांनी आणखी दूर पाहिले. दार उघडले तेव्हाच या क्लबचे भाग्य उघडले, हा त्याच्या इतिहासाचा स्पष्ट दाखला आहे.

आणि मग २०२४-२५ चा तो हंगाम. थोरामोठ्यांच्या पंक्तीत आल्यावर सारी उणीव उघडी पडली. २४ सामन्यांत अवघे १२ गोल. जिंकलेले दोन्ही सामने परक्या मैदानांवर, चेन्नई आणि बंगळूर येथे. घरच्या प्रेक्षकांना वर्षभरात एकही विजय पाहायला मिळाला नाही. खालच्या वर्गात पहिला आलेला मुलगा वरच्या शाळेत गेल्यावर शेवटचा येतो, तसेच हे. पालकहो, आपल्यापैकी पुष्कळांनी हे घरी अनुभवले असेल. मराठी किंवा उर्दू माध्यमातून दहावीला उत्तम गुण मिळविणारी मुलगी अकरावी सायन्सला गेली की पहिल्या चाचणीत रडत घरी येते. ती एकाएकी मठ्ठ झालेली नसते. तिच्याभोवतीचे मैदान बदललेले असते. तेव्हा तिला शाळेतून काढायचे, की तिच्या पायात नव्या मैदानाचे बूट चढवायचे, हा निर्णय आपला असतो.

मग आशा धरावी काय?

माझे उत्तर असे आहे : धरावी, पण कशाच्या बळावर धरतो ते स्वतःला विचारून.

‘आम्ही १९३४ चे विजेते’ या बळावर धरलेली आशा ही आशा नव्हे, ती वडिलोपार्जित जमिनीची फुशारकी आहे. जमीन पडीक असली तरी ती करता येते. ‘देव पाहून घेईल, दिवस फिरतील’ या बळावर धरलेली आशाही अपुरी. १९३४ साली दिवस फिरले नव्हते, माणसांनी ते फिरविले होते. चिखल तोच होता. पाऊस तोच होता.

चाहत्याने गुणतक्ता पाहावाच, पण तेवढ्यावर थांबू नये. तक्ता काल काय झाले ते सांगतो. १९३२ चा तक्ता १९३४ विषयी काही बोलत नव्हता, आणि २०१३ चा ड्युरँड कप २०१४ विषयी काही बोलत नव्हता. खरा चाहता विचारतो : सराव होतो आहे काय? लहान मुलांचे संघ तयार होत आहेत काय? पैशाचा हिशेब सरळ आहे काय? चुका मोजल्या जात आहेत, की झाकल्या जात आहेत? या प्रश्नांची उत्तरे ‘होय’ अशी येत असतील, तर तळाशी असलेल्या संघावरही खुशाल उमेद ठेवावी. ‘नाही’ येत असतील, तर कप हातात असतानाही काळजी करावी. आणि उत्तर काहीही येवो, मैदान सोडू नये. कारण विचारणाराच निघून गेला तर हिशेब देण्याची कोणाला गरज उरत नाही.

शाळेलाही हेच प्रश्न लागू आहेत. पालकहो, निकालाच्या दिवशी आपण शाळेत येता. टक्केवारी वाढली तर पेढे, कमी झाली तर संताप. ऑगस्टमध्ये या. प्रयोगशाळेला कुलूप तर नाही ना, ते पाहा. वाचनालयातील पुस्तकांवरची धूळ पाहा. आपल्या मुलाच्या वहीत शिक्षकाची सही किती दिवसांपूर्वीची आहे ते पाहा, आणि ती माझीच असली तरी मला विचारा. आपल्या शिक्षणसंस्थेच्या स्थापनेच्या कथा आपण दरवर्षी ऐकतो, ऐकाव्यातही. पण त्या कथांतील माणसांनी ज्या दिवशी काम केले, त्या दिवशी त्यांच्यापाशी सांगण्यासारखी एकही कथा नव्हती, हे ध्यानात ठेवू या.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हांला एवढेच सांगतो. ‘आपलं’ म्हणण्यात काही चूक नाही. आपलेपणा हा चांगला गुण आहे. पण जे आपले मानता त्याच्या पराभवापुढे मान खाली घालून बसू नका, ‘का’ म्हणून विचारा. तुमचा चिखल कोणता, तो ओळखा. कोणाचा इंग्रजी असेल, कोणाचा गणित, कोणाचा घरची ओढाताण. सगळा चिखल तुम्हांला उपसता येणार नाही, पण पायात काय घालायचे ते शोधता येईल. आणि बूट नवे असताना पाय दुखतात, खेळ बिघडतो, हे आधीच समजून असा.

तो मुलगा आता दहावीत आहे. गणितात तो अजून पहिला आलेला नाही, आणि खोटे सांगून मला हा लेख गोड करायचा नाही. पण गेल्या चाचणीनंतर तो पेपर घेऊन माझ्याकडे आला आणि कोणत्या पायरीवर चुकतो ते दाखवू लागला. जाताना दारात थांबून म्हणाला, “सर, मोहमेडनचं पुढे काय होईल?”

मी म्हटले, “मला ठाऊक नाही. पण ते सराव करतात की नाही, यावर लक्ष ठेव. मीही ठेवतो.”